पंचेचाळीस अंशांतला वॉर्ड

मे महिना लागला की भुसावळ, जळगाव, धुळे ही नावं राज्याच्या बातम्यांत हटकून येतात, ती पाऱ्यामुळे. ४४, ४५ हे आकडे इथे कुणाला दचकवत नाहीत. दुपारी बाराला रस्ता ओस पडतो, डोक्यावरचा रुमाल कानांवर येतो आणि गल्लीभर कूलरची घरघर सुरू होते. कोविडची दुसरी लाट शिगेला पोचली ती २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, नेमकी या दिवसांत. पहिल्या लाटेची तयारीही २०२० च्या उन्हाळ्यातलीच. पीपीई किट कसं घालायचं, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) किती टाकायचं, खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलायची, याच्या सूचना जिल्हा रुग्णालयापासून ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोचल्या. त्या लिहिताना डोळ्यांसमोर थंड खोली होती. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण त्यातली जवळपास प्रत्येक ओळ ४५ अंशांत वेगळी वागते. ती कुठे वेगळी वागते हे ज्या रुग्णालयाला कळलं नाही, तिथे किट अंगावर असूनही सिस्टर आणि वॉर्डात मदतीला, सफाईला असणारे मामा, मावशी आजारी पडतात.

संसर्ग रोखण्याच्या उपायांना एक क्रम असतो. आधी धोका गेटवरच थांबवायचा, म्हणजे ताप-खोकल्याचा रुग्ण बाकीच्या रांगेत मिसळू द्यायचा नाही. मग खोलीची रचना, हवेची वाट. मग कामाची वाटणी: कोण, किती वेळ, कुणाच्या किती जवळ. अंगावरचं किट अगदी शेवटी. खरेदीच्या फायलींत मात्र हा क्रम उलटा झाला, कारण किट चार दिवसांत येतं, मोजता येतं, फोटोत दिसतं. भिंतीला भोक पाडून बसवलेल्या एक्झॉस्ट फॅनचं उद्घाटन कुणी करत नाही.

म्हणून हवेपासूनच सुरुवात करावी. २०२० मध्ये सगळा भर पृष्ठभागांवर होता. कडी पूस, फाईल पूस, भाजी धू. हा विषाणू मुख्यतः श्वासातून निघालेल्या, हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांतून पसरतो हे अधिकृतपणे स्पष्ट मान्य व्हायला २०२१ उजाडलं. विलगीकरण कक्षात तासाला १२ वेळा हवा बदलावी असा दंडक आहे. १२ वेळा बदलत असेल तर रुग्णाला हलवल्यानंतर हवेतले ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलत असेल तर ४६. दारं-खिडक्या लावून नुसता स्प्लिट एसी चालू ठेवलेल्या खोलीत दोनच वेळा बदलत असेल तर १३८. रिकाम्या झालेल्या खोलीत मावशींना कधी पाठवायचं ते या आकड्यांवरून ठरतं. ‘पेशंट गेला, लगेच पुसून घ्या’ हा हुकूम दोन फेऱ्यांच्या खोलीत धोक्याचा आहे, आणि तो देणारा माणूस स्वतः सहसा आत जात नाही.

हिशेब अवघड नाही. १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वॉर्ड म्हणजे २९४ घनमीटर. १२ फेऱ्यांसाठी तासाला ३,५२८ घनमीटर हवा बाहेर जायला हवी. एक्झॉस्टच्या पाटीवर तासाला १,२०० घनमीटर लिहिलं असेल तर तीन पंखे लागतात. पाटीवर सीएफएम असेल तर १.७ ने गुणायचं. पाटीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळीवर धूळ बसली, मागे डास अडवायची दुसरी जाळी लावली की तो बराच घटतो. म्हणून चौथा पंखा बसवलेला बरा, आणि जाळी दर आठवड्याला उतरवून धुतलेली आणखी बरी.

आता कूलर. खानदेशात उन्हाळ्यात कूलरशिवाय वॉर्ड चालत नाही, आणि चालवूही नये. हवा कोरडी असते, त्यामुळे ४५ अंशांची हवा ओल्या वाळ्यातून खेचली की २८-३० अंशांपर्यंत उतरते. खिडकीच्या बाहेर बसवलेला कूलर सगळी हवा बाहेरची घेतो, हा त्याचा एसीपेक्षा मोठा गुण. स्प्लिट एसी तीच हवा थंड करून पुन्हा तोंडावर सोडतो. पण जागेअभावी कूलर वॉर्डातच स्टुलावर ठेवला की हा गुण संपतो. मग तो आतलीच हवा घुसळतो आणि वर दमटपणा वाढवतो.

खिडकीबाहेरचा कूलरही एक गोष्ट बिघडवतो, आणि ती सहज लक्षात येत नाही. मोठा कूलर तासाला ४,००० घनमीटर हवा आत ढकलत असेल आणि तीन एक्झॉस्ट मिळून ३,६०० बाहेर काढत असतील, तर उरलेली ४०० घनमीटर हवा दारातून जाते. दारापलीकडे नर्सिंग स्टेशन असतं. तिथे सिस्टर रजिस्टर लिहीत बसलेली, मास्क जरासा खाली ओढलेला. रुग्णांना गारवा मिळावा म्हणून कूलर लावला, आणि वॉर्डातली हवा तिच्या टेबलावर येऊन पडली. केळीला पाणी द्यायचं तर शेतकरी आधी उतार बघतो, मग पाट काढतो. हवेचं तसंच आहे. कूलर कर्मचाऱ्यांच्या बाजूला, एक्झॉस्ट रुग्णांच्या उशाकडच्या भिंतीत, आणि बाहेर काढायची हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा नेहमी जास्त. मग हवा सिस्टरकडून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून बाहेर जाते.

हे तपासायला एक उदबत्ती पुरते. वॉर्डाचं दार चार बोटं किलकिलं करायचं आणि उदबत्ती उंबऱ्याजवळ धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर आला तर एक्झॉस्ट कमी पडतोय किंवा उलटा बसवलाय. उलटा बसवलेला एक्झॉस्ट हा विनोद वाटेल, पण वायरमनने घाईत जोडलेल्या पंख्यांत तो सापडतो. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेच्या आसपास उदबत्ती पेटवायची नाही. तिथे टिश्यू पेपरची बारीक पट्टी दोऱ्याला बांधून लोंबती ठेवायची. ही तपासणी सकाळी एकदा आणि दुपारी चारला एकदा करावी. मेमध्ये दुपारनंतर पश्चिमेकडून जे तापलेलं वारं सुटतं, ते पश्चिमेच्या भिंतीतल्या एक्झॉस्टला मागे रेटतं. सकाळी बरोबर चालणारा वॉर्ड चारला उलटा श्वास घेऊ लागतो. त्यामुळे एक्झॉस्ट शक्यतो पूर्वेच्या भिंतीत असावा. पश्चिमेशिवाय सोय नसेल तर बाहेरून खाली वळवलेला पत्र्याचा हूड लावावा.

वीज गेली की ही सगळी मांडणी कोलमडते. जनरेटरवर व्हेंटिलेटर, मॉनिटर, ऑक्सिजन प्लांट असतात. एक्झॉस्ट मात्र ‘फॅन-लाइट’च्या सर्किटवर राहून जातो. तो जनरेटरवर घेणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि जून उजाडला, हवा दमट झाली, की कूलर नुसता ओलावा ओततो. तेव्हा तो बंद करून समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, उन्हात कोरडी करायची. साथीच्या वॉर्डात डेंग्यूचा डास वाढवणं परवडत नाही.

हवेचा दुसरा धागा आगीशी जोडलेला आहे. रुग्णाच्या नाकात नळीने जोरात ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत वायू सोडतं, आणि नळीच्या कडेने त्यातला बराच खोलीत सांडतो. बंद अतिदक्षता विभागात अशी दहा यंत्रं चालली की हवेतला ऑक्सिजन वाढतो. तो २३.५ टक्क्यांच्या वर गेला की साधी चादरही भराभरा पेटते. एप्रिल २०२१ मध्ये विरारला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरला कोविडच्या अतिदक्षता विभागांत आगी लागल्या, माणसं गेली. बाहेर हवा काढणारा पंखा इथे संसर्ग आणि आग दोन्हींसाठी कामाला येतो. नंदुरबारने त्या काळात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या, कुणाला किती लिटर चालू आहे ते बघत फिरायचं हेच त्यांचं काम. ती व्यवस्था प्राणवायूची बचत म्हणून गाजली. आमच्या मते तिचा दुसरा फायदा कर्मचाऱ्यांना होता. गरजेपेक्षा जास्त प्रवाह म्हणजे रुग्णाच्या तोंडून खोलीभर उडणारे जास्त कण, आणि तो प्रवाह कुणीतरी दर फेरीला कमी करत होतं.

आता किट. भारतीय मानक आयएस १७४२३ आहे. त्यात कापडातून कृत्रिम रक्त दाबाखाली आरपार जातं का ते तपासतात. आरपार जाऊ नये म्हणून न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनवर प्लास्टिकचा पातळ थर चढवतात आणि शिलाईवर गरम पट्टी मारतात. बाहेरचं पाणी आत येत नाही, आणि आतला घामही बाहेर जात नाही. शरीर थंड होतं ते घाम उडाल्यामुळे. तो उडालाच नाही तर अंगावरून नुसता वाहतो, बुटात साचतो, आणि अंग तापतच राहतं. गरम वॉर्डात चालत्या-फिरत्या माणसाचा तासाला पाऊण ते एक लिटर घाम जाऊ शकतो. सहा तासांची पाळी, त्यात ना पाणी ना लघवी.

खरं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कोविडसाठीच्या शिफारशीत गाऊन, हातमोजे, मास्क आणि डोळ्यांचं संरक्षण एवढंच होतं. डोक्यापासून पायापर्यंत बंद कव्हरऑल सक्तीचा नव्हता. पांढरा बंद सूट हा भीतीचा गणवेश झाला. ज्याला तो मिळाला नाही त्याला आपण उघडे पडलो असं वाटलं. पाठीमागे नाड्या बांधायचा लांब बाह्यांचा गाऊन, व्यवस्थित बसलेला एन-९५, फेस शील्ड आणि हातमोजे एवढ्यावर वॉर्डातली बहुतेक कामं होतात. पाठ मोकळी असते, हवा लागते, आणि मुख्य म्हणजे उतरवायला सोपा. कव्हरऑल ठेवावा श्वासनलिकेत नळी घालणं, सक्शन (घशातला स्राव यंत्राने ओढून काढणं), शरीरस्राव उडण्याची शक्यता असलेली कामं यांसाठी. खानदेशातल्या मेमध्ये हा फरक पाळला तरी निम्मा त्रास कमी होतो.

कव्हरऑल घालायचाच असेल तर पाळी चार तासांची, आणि वॉर्ड ३५ अंशांच्या वर असेल तर दोन तासांनी बदली. आत शिरण्याआधी अर्धा तास अर्धा लिटर ओआरएस, पुडी २०.५ ग्रॅमची, पाणी एक लिटर, त्यातलं अर्धं आत जाताना आणि अर्धं बाहेर आल्यावर. मीठ घातलेलं ताक किंवा पन्हंही चालतं. चहा मोजू नये. किट घालण्याच्या खोलीत एक वजनकाटा ठेवावा. आत जाताना ६० किलो आणि बाहेर आल्यावर ५८.८ भरले तर वजनाच्या दोन टक्के पाणी गेलंय, आणि त्या माणसाने पुढची पाळी त्या दिवशी करू नये. असा काटा दोन दिवस लावला की रोस्टर बनवणाऱ्यांचं मत बदलतं. भाषणाने बदलत नाही. शौचालय किट घालण्याच्या खोलीला लागून हवं, विशेषतः सिस्टर आणि मावशींसाठी. ते लांब असलं की बायका पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हाळी लागते, चक्कर येते.

पाठीवर मार्करने नाव लिहितातच. त्याखाली आत शिरल्याची वेळ लिहावी. जोडीदाराने बघत राहायचं: बोलणं तुटक झालं, सलाइनचा सेट लावताना हात चाचपडला, मळमळतंय म्हणाला, की बाहेर. आणि माणूस कोसळलाच तर? नेहमीच्या क्रमाने किट उतरवत बसलो तर वेळ हातची जाते. त्याला सावलीत आडवं करायचं, मोठ्या बँडेज-कात्रीने कव्हरऑल मानेपासून कमरेपर्यंत पाठीमागून कापायचा आणि पुढे ओढून काढायचा. कापणाऱ्याच्या अंगावर किट हवं. मग मान, काखा, जांघा इथे बर्फ, अंगावर पाणी आणि पंखा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. ही कात्री किट उतरवण्याच्या खोलीत खिळ्याला दोरीने टांगलेली असावी, कपाटात कुलपात नको.

किट घालताना फारसं कुणी चुकत नाही. चुका होतात उतरवताना, आणि उन्हाळ्यात त्यांचं कारण एकच असतं, घुसमट. माणूस बाहेर येतो तो आधी मास्क ओढूनच. तोच सगळ्यात शेवटी निघायला हवा. क्रम असा: बाहेरच्या हातमोज्यांवर सॅनिटायझर, वेगळे शू-कव्हर असतील तर ते काढा, बाहेरचे हातमोजे काढा, आतल्यांवर सॅनिटायझर. फेस शील्ड मागच्या पट्टीला धरून. पुन्हा सॅनिटायझर. चेन उघडा, टोपी मागे टाका, खांद्यांवरून खाली, आतली बाजू बाहेर येईल असं गुंडाळत पायांपर्यंत, हात फक्त आतल्या बाजूला. आतले हातमोजे. हातांना सॅनिटायझर. जमिनीवरची लाल रेघ ओलांडून पलीकडे. तिथे मास्कची खालची पट्टी आधी, मग वरची, पुढच्या भागाला बोट न लावता. शेवटी साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुणं आणि नवा मास्क.

घामाने भिजलेला कव्हरऑल दंडाला चिकटतो आणि माणूस झटका देतो. हातमोज्यात साचलेला घाम काढताना उडतो. म्हणून बोटं खाली ठेवून, सावकाश. पायऱ्या मोठ्याने वाचणारा एक माणूस दोन मीटरवर उभा हवा आणि समोर पूर्ण उंचीचा आरसा. उतरवण्याच्या खोलीत कुणीतरी दया येऊन टेबल-फॅन लावतं, आणि तो थेट मळक्या किटवर वारा मारतो. पंखा रेघेपलीकडे, स्वच्छ बाजूला लावा. पलीकडे पंखा दिसत असला की माणूस नीट क्रमाने उतरवतो, हाही एक फायदा.

एन-९५ बद्दल थोडक्यात. त्याच्या मधल्या थराचे धागे विद्युतभारित असतात, बारीक कण त्या भाराने खेचले जातात. धुतला, स्पिरिट मारलं, की भार जातो; दिसायला मास्क तसाच राहतो. घामाने ओला झाला की श्वास जड होतो आणि हवा कडेने वाट शोधते. ओला मास्क बदलायचा, पाळी संपायची वाट बघायची नाही. तुटवड्यात पाच मास्क कागदी पिशव्यांत फिरते ठेवायची पद्धत चालली; एकाला निदान ७२ तास विश्रांती, पिशवी कागदीच, प्लास्टिकमध्ये तो सुकत नाही. दाढी ठेवून एन-९५ घालण्यात अर्थ नाही. आणि गॉगलवर धुकं साचत असेल तर ते काचेचं दुखणं समजून साबण चोळत बसू नये. बहुतेक वेळा नाकाच्या पट्टीपाशी हवा निसटतेय, मास्क नीट बसलेला नाही. धुकट गॉगल आणि दुहेरी हातमोजे यांमुळे सुया टोचण्याचं प्रमाणही वाढतं. टोपण परत घालायचं नाही, सुई थेट पांढऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाणी, लगेच नोंद, आणि एचआयव्हीसाठीची गोळी शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत. साथ चालू आहे म्हणून रक्तातून पसरणारे जुने आजार सुट्टीवर गेलेले नसतात.

एवढं सगळं सांभाळून माणूस स्टाफ रूममध्ये येतो. भूक लागलेली, एसी चालू, दार लावलेलं. पाच डबे उघडतात, कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. पाच मास्क टेबलावर. कर्मचाऱ्यांकडून कर्मचाऱ्यांना झालेल्या संसर्गाचा मोठा हिस्सा अशाच खोल्यांतला. रुग्णाला आपण संशयाने बघतो, सोबतच्या माणसाला नाही. उपाय साधा आहे आणि खानदेशात सहज जमणारा: जेवण बाहेर, कडुनिंबाखाली, एका वेळी दोघं-तिघं, तोंडं एकाच दिशेला. दुपारी दोनला सावलीतही भाजतं, तेव्हा व्हरांड्याला हिरवी जाळी आणि एक कूलर. रुग्णालयाच्या पैशातली कूलरची ही जागा सगळ्यात कामाची, असं म्हटलं तर लेखापरीक्षक हसतील.

हायपोची गोष्ट उष्णतेने सगळ्यात जास्त बिघडते, आणि बिघडलेली दिसत नाही. कॅनवर १० टक्के लिहिलेलं असतं. एक लिटर हायपोत नऊ लिटर पाणी, झालं एक टक्का. पाच टक्क्यांचं असेल तर एकास चार. पण सोडियम हायपोक्लोराइट तापलं की स्वतःच विघटित होतं, आणि दर १० अंशांना हा वेग तीन-चार पटींनी वाढतो. १० टक्क्यांचं द्रावण २५ अंशांना सात महिन्यांत निम्मं होतं, ६० अंशांना तीन-चार दिवसांत. पत्र्याच्या शेडमधला मे महिना या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. म्हणजे मार्चमध्ये सहा महिन्यांचा साठा घेतला, शेडमध्ये रचला, तर मेअखेर मावशी जे पुसतात त्यात क्लोरिनचा वास तेवढा असतो. साठा महिन्याचा घ्यावा, सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या खोलीत ठेवावा, कॅनवर आल्याची तारीख टाकावी, क्लोरिन मोजायच्या पट्ट्यांनी आठवड्याला तपासावं. झाकण वायू सुटण्याजोगं हवं, नाहीतर कॅन फुगतो. उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडर जास्त टिकाऊ. ३३ टक्क्यांची असेल तर लिटरला ३० ग्रॅम, ढवळून, गाळ बसू देऊन वरचं पाणी वापरायचं. ओलीने गाठी झालेली पावडर नको.

पातळ केलेलं द्रावण त्या पाळीपुरतंच. फरशी आधी साबणाच्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने, मग हायपोने: तीन बादल्या. मळावर टाकलेलं हायपो मळच खातो. पुसल्यावर दहा मिनिटं ओलं राहायला हवं, आणि इथेच ऊन आडवं येतं. गरम फरशीवर पंख्याखाली ते तीन मिनिटांत सुकतं. पोछा जास्त ओला ठेवा, किंवा पुन्हा एकदा फिरवा. संडासाच्या ॲसिडसोबत कधीच नको. क्लोरिन वायू सुटतो आणि बंद मोरीत तो मावशींच्याच फुप्फुसात जातो. माणसांच्या अंगावर तर हायपो कधीच फवारायचं नाही. २०२० च्या एप्रिलमध्येच आरोग्य मंत्रालयाने तसं बजावलं होतं, तरी फवारणीचे बोगदे उभे राहिले. धुतलेले पोछे मात्र उन्हात वाळवावेत. एवढं फुकटचं निर्जंतुकीकरण दुसऱ्या प्रांतात मिळत नाही.

सॅनिटायझर इथे हातावर टिकत नाही. २० ते ३० सेकंद हात ओले राहायला हवेत. कोरड्या हवेत, पंख्याखाली थेंबभर घेतलं तर दहा सेकंदांत उडतं. पूर्ण तळवा भरून घ्यावं. रुग्णालयात बनवायचं असेल तर दहा लिटरला ९६ टक्के इथेनॉल ८,३३३ मिलि, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलि, ग्लिसरॉल १४५ मिलि, बाकी उकळून गार केलेलं पाणी, आणि ७२ तास बंद ठेवून मगच वाटप. ८० टक्के इथेनॉलची वाफ १७-१८ अंशांनाच पेट घेण्याजोगी होते. आपल्या गोदामाचं तापमान त्याच्या अडीचपट. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला हात लावू नये.

कचऱ्याचे नियम स्पष्ट आहेत: मास्क, टोपी, शू-कव्हर पिवळ्या दुहेरी पिशवीत, गॉगल, शील्ड, नायट्राइल हातमोजे, प्लास्टिकचा कव्हरऑल लाल पिशवीत. पिवळी पिशवी ४८ तासांच्या वर ठेवायची नाही. मेमध्ये दुसऱ्याच दिवशी वास सुटतो. पिशवी उचलणारा बहुतेकदा कंत्राटी असतो आणि किटच्या यादीत त्याचं नाव तळाला असतं. यादी उलटी करावी.

सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीकडून घाटातून येणारी १०८ रुग्णवाहिका, तिचा चालक दोन-दोन तास रुग्णासोबत बंद डब्यात. चालकाच्या मागची फट प्लास्टिकने बंद, काचा दोन बोटं खाली, एसी असेल तर बाहेरची हवा घेण्यावर. गेटवरचं तापमापक हा आणखी एक घोळ. बहुतेक गनच्या माहितीपत्रकात ४० अंशांच्या वरच्या हवेत वापरू नका असं असतं. चोपड्याहून दुचाकीवर उन्हात आलेल्याचं कपाळ ३८-३९ दाखवतं. त्याला तापाच्या रांगेत, खऱ्या रुग्णांमध्ये उभं केलं तर आपणच त्याला आजार दिला. पंधरा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा मोजा. हाच नियम किट उतरवून आलेल्या सिस्टरला.

आणि नातेवाईक. इथे रुग्णासोबत अख्खं घर येतं, डब्यांसकट. ‘आमना माणूस कसा शे?’ याला दिवसातून दोनदा ठरल्या वेळी, ओळखीच्या बोलीत उत्तर मिळालं की व्हरांड्यातली गर्दी अर्धी होते. उत्तर नाही मिळालं की ती दारावर येते, कधी हात उगारते. २०२० मध्ये साथरोग कायद्यात सुधारणा होऊन आरोग्य कर्मचाऱ्यावरचा हल्ला अजामीनपात्र झाला. तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंत. कायद्याची प्रत भिंतीवर लावावी, पण तिच्याशेजारी संध्याकाळी पाचला खुर्ची टाकून बोलणारा माणूसही बसवावा.

२०२१ मधले मास्क-किटचे खोके अजून बऱ्याच गोदामांत आहेत, पत्र्याखाली, चार-पाच उन्हाळे सोसलेले. एन-९५ ची पट्टी उष्णतेने ठिसूळ होते, नाकाची फोमपट्टी भुगा होते, कव्हरऑलच्या शिलाईवरची टेप सुटते. दरवर्षी फेब्रुवारीत, ऊन चढण्याआधी, प्रत्येक बॅचमधले दहा मास्क काढून पट्टी पूर्ण ताणून बघावी, दहा कव्हरऑलच्या खांद्याची शिलाई उलटून बघावी. एकही तुटला तर पूर्ण बॅच ‘फक्त प्रशिक्षणासाठी’ असं ठळक लिहून वेगळ्या खोलीत, आणि साठ्याच्या रजिस्टरमधून तो आकडा त्याच दिवशी वजा.